18 मीटरवर मधोमध, 50 वर डावीकडे: कंपाउंड धनुष्याची साइट नेमकी कशी बसवायची?

कळमेश्वर_बुल्सआय

नमस्कार मंडळी. मुलीसाठी (वय 16, उजव्या हाताची) कंपाउंड (टोकांना कॅम म्हणजे चाकं असलेलं) धनुष्य घेतलं आहे. ओजस देवतळेने 2023 मध्ये बर्लिनला 150 पैकी 150 मारून विश्वविजेतेपद आणल्यापासून आपल्या नागपुरात कंपाउंडकडे मुलं वळून राहिली, पण धनुष्य ट्यून करून देणारा माणूस हाताशी सापडत नाही. म्हणून इथे विचारतोय.

सेटअप असा: ड्रॉ वेट (खेचायला लागणारा जोर) स्केलवर 48 पाउंड, ड्रॉ लेंथ (खेचायची लांबी) 26.5 इंच, कार्बनचे बाण 500 स्पाइन (बाणाच्या लवचीकपणाचा आकडा), कापून 27 इंच, 100 ग्रेनचा पॉइंट, शेपटीला तीन प्लॅस्टिक वेन (पाती). रेस्ट (बाण टेकवायचा आधार) लॉन्चर ब्लेडचा. साइटला स्कोप, आत 4 पट लेन्स, खाली बबल (लेव्हलचा बुडबुडा). थंब रिलीज (अंगठ्याने स्ट्रिंग सोडायचं साधन).

18 मीटरवर ग्रुप चांगला आहे, बाण एकमेकांना घासतात. तीच साइट खाली घेऊन 50 वर गेलं की अख्खा ग्रुप 8 सेंमी डावीकडे सरकतो. 50 वर विंडेज (साइटची आडवी जुळवणी) डावीकडे फिरवून मध्यावर आणलं तर 18 वर बाण उजवीकडे. शिवाय 50 वर ग्रुप उभा बरा, आडवा मात्र 20 सेंमीपर्यंत पसरतो. शेतात मोकळ्यावर मारतो, पण सकाळी सहा-साडेसहाला, वारा नसताना. विंडेज दोन्हीकडे जुळत का नाही? कुठून सुरुवात करू?

लिम्बबोल्ट

दादा, माहिती व्यवस्थित दिलीत, त्यामुळे उत्तर देणं सोपं झालं. आधी एक विनंती: विंडेजचा स्क्रू आता हलवू नका. दोन अंतरांना दोन वेगळे विंडेज लागत असतील तर दोष साइटच्या आकड्यात नाही, मागे कुठेतरी आहे. स्क्रू फिरवत राहाल तर तो झाकला जाईल आणि पुढे 30 वर, 40 वर वेगळ्या रूपात डोकं वर काढेल.

साइटला हात लावायच्या आधी धनुष्य स्वतः जागेवर आहे का ते बघा. अॅक्सल ते अॅक्सल (दोन्ही कॅमच्या आसांमधलं अंतर) आणि ब्रेस हाइट (ग्रिपपासून स्ट्रिंगपर्यंतचं अंतर) मोजा, कंपनीच्या कागदावर दिलेल्या आकड्यांशी ताडा. दोन्ही कॅमचे ड्रॉ स्टॉप (पूर्ण खेचल्यावर अडवणारे खुंट) एकाच क्षणी टेकतात का ते बघायला मुलीने पूर्ण खेचून धरायचं, तुम्ही बाजूने उभं राहून बघायचं (समोरून कधीच नाही, आणि बाण लावलेला असला तर तोंड बटाकडेच, म्हणजे टार्गेट लावतो त्या गादीकडे). एक स्टॉप आधी टेकून दुसऱ्यात फट दिसत असेल तर टायमिंग गेलं आहे. त्याला केबलमध्ये अर्धा पीळ कमी-जास्त करावा लागतो. कुठल्या केबलला ते कॅमच्या रचनेवर ठरतं, मॅन्युअल बघूनच करा. आणि हे काम बो प्रेसशिवाय (लिम्ब, म्हणजे धनुष्याच्या लवचीक भुजा, दाबून धरणारं यंत्र) करायचं नाही. लिम्ब दाबलेले नसताना स्ट्रिंग काढायला जाणं म्हणजे हात जायची वेळ.

ड्रॉ वेट कमी-जास्त करायचं असेल तर वरचा-खालचा लिम्ब बोल्ट सारखाच फिरवा, पाव-पाव फेरी मोजून. कंपनीने जितक्या फेऱ्या सैल करायला परवानगी दिली आहे त्याच्या पुढे जाऊ नका. 48 पाउंड तिला जमतं का याची खूण सोपी आहे: खेचताना धनुष्य आभाळाकडे न नेता, समोर बटाच्या उंचीवर धरूनच खेचता आलं पाहिजे. नसेल जमत तर 44 वर आणा. जागतिक नियमात कंपाउंडला 60 पाउंडची वरची हद्द आहे, खालची नाही. कमी वजनाने काही बिघडत नाही.

मग रेस्ट. बाणाचा नॉक (शेपटीची खाच) स्ट्रिंगवर बसवून वरून बघितलं तर बाण स्ट्रिंगच्या रेषेत दिसला पाहिजे. बहुतेक धनुष्यांवर रायझरच्या (धनुष्याचा मधला कडक भाग) आतल्या भिंतीपासून बाणाचा मध्य 20 ते 21 मिलिमीटरवर येतो. ही सुरुवातीची जागा, शेवटची नव्हे. बाजूने बघितलं तर बाण स्ट्रिंगशी काटकोनात, किंवा नॉक अगदी 1-2 मिलिमीटर वर. एवढं झालं की रेस्टच्या ब्लेडला थोडी लिपस्टिक लावा आणि दोन बाण मारा. वेनवर रंग आला तर वेन ब्लेडला घासतोय, नॉक थोडा फिरवून घ्या. घासणारा वेन असला की पुढची सगळी मोजमापं खोटी.

ओळंबा_लेव्हल

वरचं सगळं करा, पण तुमच्या 8 सेंमीचं कारण बहुधा दोनांपैकी एक आहे, आणि ती दोन वेगळी काढायला एक चाचणी पुरते.

पहिली शक्यता: साइटची उभी पट्टी, म्हणजे जिच्यावरून स्कोप खालीवर सरकतो ती, बबल मधोमध असताना ओळंब्यात नाही. मग 18 वरून 50 वर जाताना स्कोप नुसता खाली उतरत नाही, तिरका उतरतो. दुसरी शक्यता: रेस्ट चुकीच्या जागी आहे, म्हणून बाण धनुष्यातून किंचित तिरका निघतो आणि वेन त्याला एका बाजूला वळवत नेतात. जवळ ते कळत नाही, लांब कळतं.

चाचणी अशी. बटावर वरच्या बाजूला एक ठिपका काढा, त्याच्यातून खाली ओळंबा सोडून चिकटपट्टीची उभी रेघ मारा, कमीत कमी 80 सेंमी लांब. साइट 18 च्या खुणेवर ठेवा आणि शेवटपर्यंत हलवू नका. आता 10, 18, 30 आणि 40 मीटरवरून त्याच वरच्या ठिपक्यावर नेम धरून तीन-तीन बाण. 30 आणि 40 वरचे बाण ठिपक्यावर लागणार नाहीत, लागायला नकोतच. ताशी-बिशीत नको, सेकंदाला 250 फूट वेग धरून मी हिशोब केला तर 30 वर बाण साधारण 22 सेंमी खाली आणि 40 वर 60 सेंमी खाली लागायला हवा. म्हणून ठिपका वर घ्यायचा आणि बटाच्या खाली-मागे जाळी नाहीतर मातीचा बांध हवाच.

बाण त्या रेघेवर एकाखाली एक पडत गेले तर रेस्ट बरोबर आहे, दोष साइटच्या पट्टीत. लांब जाल तसतसे रेघ सोडून डावीकडे सरकत गेले तर दोष रेस्टमध्ये. साइट हललेलीच नाही, त्यामुळे पट्टीच्या तिरकेपणाचा या चाचणीत संबंधच येत नाही. ही तिची खुबी आहे.

पट्टी तपासायला गवंड्याचा ओळंबा पुरे. दाराच्या चौकटीला टांगा, धनुष्य कापड गुंडाळून वाइसमध्ये धरा, स्कोपचा बबल मधोमध आणा आणि लांबून एक डोळा मिटून पट्टीची कड दोरीशी जुळते का बघा. किती तिरकी असेल त्याचाही अंदाज सांगतो. तुमच्या सेटअपमध्ये 18 वरून 50 वर स्कोप सुमारे 18 मिलिमीटर उतरत असणार. 50 वर 8 सेंमी चूक म्हणजे स्कोपवर सव्वा मिलिमीटर. 18 मध्ये सव्वा, म्हणजे जवळजवळ 4 अंश. एवढा तिरकेपणा ओळंब्यासमोर डोळ्याला सरळ दिसतो, शंकेला जागा राहत नाही.

सहा_बाण

ओळंबा भाऊंच्या चाचणीला माझा दुजोरा. फक्त 10 मीटरपेक्षा जवळून मारताना जपा. अगदी 3 मीटरवर उभं राहून 18 ची खूण लावली तर बाण नेमाच्या चांगला 6 सेंमी खाली लागतो, कारण डोळा बाणाच्या वर अर्धी वीत असतो आणि दोन्ही रेषा अजून मिळालेल्या नसतात. त्या अंतराला लागणारी खूण जवळजवळ 50 च्या खुणेपाशी येते. नव्या माणसाला हे माहीत नसलं की तो साइट बिघडली म्हणून सगळं सोडून बसतो.

दिशेचं सूत्र पाठ करून ठेवा: बाण जिकडे, साइट तिकडे. बाण डावीकडे तर स्कोप डावीकडे, बाण वर तर स्कोप वर.

आणि किती फिरवायचं याचा अंदाजपंचे खेळ नको. मुलीने पूर्ण खेचून धरलं असताना पीपपासून (स्ट्रिंगमधलं बघायचं भोक) स्कोपपर्यंतचं अंतर टेपने मोजा. तुमच्या ड्रॉ लेंथला ते 80 सेंमीच्या आसपास येईल. मग 50 मीटर भागिले 80 सेंमी, म्हणजे साडेबासष्ट. स्कोप 1 मिलिमीटर हलवला की 50 वर बाण 62 मिलिमीटर हलतो. 18 वर तोच 1 मिलिमीटर फक्त साडेबावीस मिलिमीटरचा. 80 सेंमीच्या टार्गेटवर दहाच्या वर्तुळाचा व्यास 8 सेंमी, त्यापुढे प्रत्येक रिंग 4 सेंमीची. ग्रुप आठच्या रिंगच्या मध्यावर पडतोय म्हणजे केंद्रापासून 10 सेंमी, म्हणजे स्कोप 1.6 मिलिमीटर. एका क्लिकला स्कोप किती सरकतो ते एकदा व्हर्नियरने मोजून ठेवा: 20 क्लिक फिरवा, अंतर मोजा, 20 ने भागा. मग मैदानावर सरळ क्लिकांत बोलता येतं.

एका बाणावर साइट हलवायची नाही. सहा बाण, ग्रुपचा मध्य काढा, स्पष्ट चुकलेला बाण सोडून द्या, मगच हात लावा.

कळमेश्वर_बुल्सआय

सगळ्यांचे मनापासून आभार. टायमिंग बघितलं, दोन्ही स्टॉप सोबत टेकतात. लिपस्टिकचा रंग एका वेनवर आला, नॉक फिरवून घेतला, आता येत नाही. रेघेची चाचणी केली: 10, 18, 30, 40, चारही ठिकाणचे बाण रेघेला धरून. ओळंब्यासमोर धरलं तर साइटची पट्टी खालच्या टोकाला तिरकी दिसून राहिली. म्हणजे रेस्ट ठीक आणि पट्टी वाकडी, असंच ना? आता पट्टी फिरवू की बबल?

ओळंबा_लेव्हल

असंच. आता क्रम महत्त्वाचा आहे, कारण यात तीन गोष्टी एकमेकांत अडकल्या आहेत.

आधी पट्टी धनुष्याशी समांतर करा. रायझरची मशीन केलेली सपाट कड असेल ती संदर्भ धरा. स्ट्रिंगवर विसंबू नका, केबल गार्ड आणि कॅमच्या कलामुळे ती किंचित तिरकी असू शकते. वाइसमध्ये रायझर ओळंब्यात आणा, साइटच्या पहिल्या अक्षाचा स्क्रू सैल करून पट्टी ओळंब्यात आणा आणि घट्ट करा. घट्ट करताना पट्टी पुन्हा हलते, म्हणून कसल्यानंतर परत बघा.

मग बबल. धनुष्य तसंच ठेवून दुसऱ्या अक्षाच्या स्क्रूने स्कोप फिरवा, बबल मधोमध येईपर्यंत. आता स्कोप पट्टीच्या अगदी वरच्या टोकाला न्या, मग अगदी खालच्या. दोन्हीकडे बबल जागचा हलायला नको.

तिसरा अक्ष म्हणजे स्कोप दरवाजासारखा आत-बाहेर वळलेला असणं. तो चढ-उतारावर त्रास देतो, सपाट मैदानावर 50 मीटरला त्याचा परिणाम नगण्य. आत्ता सोडून द्या.

यानंतर 18 वर विंडेज नव्याने लावा, मग 30, मग 50. आता तिन्हीकडे एकच विंडेज चाललं पाहिजे.

एक गोष्ट मात्र मुलीला सांगा. साइट कितीही नीट बसवली तरी बबल बघायची सवय तिचीच. धनुष्य 1 अंश कललं तर 18 वर बाण अर्धा सेंमीच सरकतो, कुणाच्या लक्षातही येत नाही. 50 वर तोच साडेतीन सेंमीच्या पुढे जातो, म्हणजे दहाचा बाण नऊवर. नेम स्थिरावला, बबल बघितला, पुन्हा ठिपक्यावर नजर, मग रिलीज.

वावर_50मी

आडव्या 20 सेंमी पसाऱ्याबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. पट्टी सरळ केल्याने ग्रुप मध्यावर येईल, पण लहान होणार नाही. उभा बरा आणि आडवा मोठा, असा ग्रुप असला की वजन, वेग आणि नॉकची उंची ठीक आहे असं धरा. आडवा पसारा बहुतेक वेळा हातातून येतो.

पहिलं ग्रिप. धनुष्य मुठीत धरायचं नाही. अंगठ्याच्या मुळाचा मांसल भाग ग्रिपवर, हाताची आयुष्यरेषा ग्रिपच्या बाहेर, बोटांची पेरं साधारण 45 अंशांत, बोटं सैल. बाण सुटल्यावर धनुष्य पुढे झेपावतं ते फिंगर स्लिंगने अडवायचं. सुटताना बोटांनी पकडायची सवय असली की प्रत्येक वेळी रायझर थोडा वेगळा पिळतो आणि साइट बाहेर लांब असल्यामुळे ती पीळ वाढवून दाखवते.

दुसरं पीप. स्कोपची गोल कड पीपच्या गोलात सगळीकडून सारखी दिसली पाहिजे. एका बाजूला कोर जाड दिसत असेल तर डोळा दरवेळी वेगळ्या जागी येतोय. पीपचं भोक स्कोपच्या मानाने फार मोठं असलं की ही चूक दिसतच नाही. भोकाचा आकार असा निवडा की स्कोपच्या बाहेर बारीकशी गोल फट राहील, बस.

पीपची उंची लावायची रीत: डोळे मिटून खेचायचं, हनुवटीखाली नेहमीच्या जागी हात टेकवायचा, मग डोळे उघडायचे. मान न हलवता पीपमधून स्कोप दिसला पाहिजे. साइट 30 मीटरच्या खुणेवर ठेवून हे करा, म्हणजे 18 आणि 50 दोन्हीकडे मान फारशी वाकवावी लागत नाही. जागा ठरली की वर आणि खाली सर्व्हिंगच्या (स्ट्रिंगवर गुंडाळायच्या) धाग्याने पीप पक्का बांधा. सैल पीप सुटून डोळ्यावर येऊ शकतो.

तिसरं, आणि माझ्या मते इथेच खरी गोम असावी, ड्रॉ लेंथ. दुकानात मुलांना बरेचदा "वाढतं वय आहे" म्हणून अर्धा-एक इंच मोठी दिली जाते. शाळेच्या बुटासारखी ही गोष्ट वाढत्या मापाची घेऊन चालत नाही. खेचल्यावर स्ट्रिंग नाकाच्या टोकाला हळूच टेकली पाहिजे. ती गालात रुतत असेल, मान मागे झुकत असेल, पुढचा खांदा कानाकडे चढत असेल तर लांबी जास्त आहे, आणि तिची पहिली खूण म्हणजे आडवा पसारा. अंदाजासाठी दोन्ही हात पसरून बोटाच्या टोकापासून टोकापर्यंतचं माप इंचात घ्या, अडीचने भागा. 26.5 यायला तिचं माप 66 इंचांच्या आसपास हवं. कमी येत असेल तर कॅमचं मॉड्यूल (ड्रॉ लेंथ ठरवणारा तुकडा) अर्ध्या इंचाने कमी करून बघा. डी-लूप (रिलीज अडकवायचा स्ट्रिंगवरचा फास) छोटा-मोठा करूनही थोडा फरक पाडता येतो. हे बदलल्यावर पीप आणि सगळ्या खुणा नव्याने लावाव्या लागतात, म्हणून साइटच्या आधी हे उरकून घ्या.

लिम्बबोल्ट

ताईंनी ड्रॉ लेंथचं अगदी नेमकं सांगितलं. त्यात बाणांची भर घालतो, कारण आडवा पसारा बाणांतही लपलेला असतो.

बाणांवर आकडे लिहा, 1 ते 12. प्रत्येक फेरीत कुठला बाण कुठे गेला ते वहीत टिपा. दरवेळी तोच 7 नंबर बाहेर पडत असेल तर मुलीचा दोष नाही, बाणाचा आहे. त्याचा नॉक एका वेनभर फिरवा, फरक पडतो का बघा. नाही पडला तर बाजूला ठेवा. वजन सराफाच्या काट्यावर करा, 0.01 ग्रॅम दाखवणारा हवा. 1 ग्रेन म्हणजे 0.065 ग्रॅम. एका सेटमधले बाण 2 ग्रेनच्या आत असले की झालं. बाणाचं एकूण वजन ड्रॉ वेटच्या प्रत्येक पाउंडामागे 5 ग्रेनच्या खाली नको, म्हणजे 48 ला 240 ग्रेन. त्याहून हलका बाण मारणं धनुष्यासाठी जवळजवळ रिकामं सोडण्यासारखं. आणि रिकामी स्ट्रिंग तर कधीच सोडायची नाही, कुणी मित्र "बघू जरा" म्हणून हातात घेतो तेव्हा विशेष लक्ष ठेवा. लिम्ब तडकतो, केबल उडते.

500 स्पाइन म्हणजे 28 इंचांवर टेकवलेला बाण 1.94 पाउंडाच्या वजनाने अर्धा इंच वाकतो. आकडा मोठा तितका बाण लवचीक. तुमच्या वजनाला आणि 27 इंचांना 500 जवळपास बसतो, तरी कंपनीच्या तक्त्यात 100 ग्रेन पॉइंट धरून एकदा बघून घ्या. 44 पाउंडवर आलात तर तो थोडा कडक होईल.

रेघेची चाचणी पास झाली असली तरी बिनवेनचा बाण 18 वरून मारून बघायला हरकत नाही. तीन वेनवाले, दोन बिनवेनचे. बिनवेनचा खाली लागला तर त्याची शेपूट वर उडतेय, रेस्ट केसभर वर घ्या नाहीतर डी-लूप खाली. बिनवेनचा डावीकडे लागला तर रेस्ट उजवीकडे, अर्धा मिलिमीटर, त्याहून जास्त एका वेळी नाही. दोन-तीनदा हलवूनही बदल दिसत नसेल तर ग्रिपकडे परत या. 30-50 वर बिनवेनचे बाण मारू नका, तिरके रुतून मोडतात.

दर वेळी मारण्याआधी कार्बनचा बाण दोन्ही हातांत धरून हलकाच वाकवा, फिरवत कान द्या. चर्र आवाज आला की तो बाण मोडून कचऱ्यात. तडकलेला कार्बन सुटताना फुटला तर तुकडे मनगटात घुसतात.

रामटेककडचा

याच धाग्यात विचारतो. वावरात रानडुकरं आणि रोही (नीलगायी) फार नासधूस करून राहिलेत. क्रॉसबो घेऊन त्याला स्कोप लावून अशीच साइट बसवता येईल का?

ओळंबा_लेव्हल

भाऊ, पिकाचं दुःख खरं आहे, पण हा मार्ग नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972 च्या कलम 9 खाली वन्य प्राण्याची शिकार हा गुन्हा आहे, हत्यार बंदूक असो की क्रॉसबो. पीक खाल्लं असेल तर लगेच फोटो काढा, वन विभागाकडे अर्ज करून पंचनामा करून घ्या. रानडुक्कर आणि रोही या दोन्हींच्या नुकसानीला भरपाई मिळते. क्रॉसबोची चर्चा इथे टार्गेटपुरती ठेवू.

वावर_50मी

कळमेश्वर दादा, उन्हाळ्यात मारणार असाल तर अजून थोडं. नागपूरचं 45 डिग्रीचं ऊन साइटच्या खुणा खाते.

धनुष्य बंद गाडीत ठेवायचं नाही, अर्धा तासही नाही. उष्णतेने स्ट्रिंग आणि केबल ताणाखाली हळूहळू लांबतात. परिणाम असा की पीप किंचित फिरतो, त्याची उंची बदलते, टायमिंग सरकतं, आणि सकाळी लावलेली 50 ची खूण दुपारी चुकते. म्हणून सगळं ट्यून झालं त्या दिवशीच अॅक्सल ते अॅक्सल, ब्रेस हाइट, नॉकची उंची, रेस्टचं अंतर, डी-लूपपासून पीपचं अंतर वहीत लिहा आणि कॅम लिम्बला जिथे मिळतो तिथे पांढऱ्या पेनने बारीक रेघ मारा. पुढे कधी ग्रुप बिघडला तर आधी ही मापं तपासा, साइट नंतर. नवीन स्ट्रिंग असेल तर पहिले 200-300 बाण ती बसतेच आहे असं धरून चाला, त्याआधी खुणा कायमच्या लिहू नका.

पॉइंट हॉटमेल्टने चिकटवलेले असतील तर उन्हात आणि फोमच्या बटातल्या घर्षणाने तो गोंद मऊ पडतो. बाण ओढला की पॉइंट आतच राहतो. बाणाच्या पुढच्या वीतभर भागाला साबणाची वडी कोरडीच घासून घ्या, बाण सहज निघतो. पॉइंट पुन्हा बसवताना आच फक्त पॉइंटला द्या, कार्बनला ज्योत लागली की थर सुटतात. तणसाचं बट कंपाउंडला टिकत नाही, मधोमध भोक पडून बाण आरपार जातात. फोमच्या पट्ट्या उभ्या रचून दोन्ही बाजूंनी बोल्टने आवळलेलं बट करा. सैल झालं की बोल्ट पुन्हा आवळता येतो.

पावसात पीपच्या भोकात आणि लेन्सवर थेंब अडकतो. मारण्याआधी पीपवर जोरात फुंकर, लेन्सला कोरडं फडकं. घरी आल्यावर स्ट्रिंग पुसून मेण, सर्व्हिंगवर मात्र नाही.

कळमेश्वर_बुल्सआय

पट्टी आणि बबल दोन्ही ओळंब्यात आणले. आता 18, 30, 50 तिन्हीकडे एकच विंडेज, ग्रुप मध्यावर. हात पसरून माप घेतलं तर 64 इंच आलं, म्हणजे ड्रॉ लेंथ साडेपंचवीसच्या जवळ! मॉड्यूल अर्धा इंच कमी करून बघतो. एकच शेवटचं विचारायचं: मधल्या अंतराच्या खुणा प्रत्येक 5 मीटरला मारून घ्याव्या लागतील का, की हिशोबाने काढता येतात?

सहा_बाण

मॉड्यूल बदलल्यावर आत्ताच्या खुणा बाद, वेग थोडा उतरेल, त्यामुळे 50 ची खूण अजून खाली जाईल. ते झाल्यावर 20, 30, 40, 50 या चार खुणा मारून पक्क्या करा, वारा नसताना, प्रत्येकी निदान तीन फेऱ्या. मधल्या काढता येतात.

खुणा बरोबर आहेत का हे कागदावरच कळतं. लगतच्या दोन खुणांमधली फट अंतर वाढेल तशी वाढत गेली पाहिजे. तुमच्यासारख्या सेटअपला 20 ते 30 मध्ये 5 मिलिमीटरच्या थोडी वर, 40 ते 50 मध्ये सव्वासहाच्या आसपास. समजा 20-30 मध्ये 5.2, 30-40 मध्ये 6.6 आणि 40-50 मध्ये 5.4 आली, तर 40 ची खूण चुकली आहे, ती खाली उतरली आहे. परत 40 वर जाऊन फक्त तेवढी एक खूण दुरुस्त करा, बाकीच्यांना हात लावू नका. आलेखाच्या कागदावर अंतर आडवं, खूण उभी घेऊन चार ठिपके हलक्या वक्राने जोडा, 25, 35, 45 त्यातून वाचता येतात. मैदानावरची स्पर्धा 50 वरच असते, तरी या मधल्या खुणा सरावाला कामाच्या, आणि स्ट्रिंग लांबल्याचं सगळ्यात आधी याच आलेखावर दिसतं: 20 ची खूण जागेवर राहते आणि 50 ची खाली सरकते.

नवी ड्रॉ लेंथ बसली की पीप आधी, मग 18 वर विंडेज, मग रेघेची चाचणी एकदा परत. आकडे आले की इथे टाका, फटी बघून सांगतो.